तारकाका आणि सरपंचांचे बैल

तारकाकांना प्रश्न विचारला की उत्तर लगेच येत नसे. ते आधी डोळे मिटत, ओठ आवळत आणि तळहात पुढे करून म्हणत, "थांब वं, मले तापू दे." त्यांच्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हना काम सुरू करण्याआधी तापायला वेळ लागे, तीच सवलत त्यांनी स्वतःलाही देऊन टाकली होती. साखर मागायला आलेले गिऱ्हाईक या तापण्याची वाट पाहत उभे राही. "लवकर तापते ते लवकर जळते," असे ते त्याला समजावत. या विधानाला भौतिकशास्त्रात काहीही आधार नाही, हे मी त्यांना सप्रमाण दाखवून दिले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तेच सांगितले.

पवनी तालुक्यातल्या आमच्या गावात ते आमचे शेजारी आणि किराणा दुकानदार होते. जीव मात्र दुकानामागच्या खोलीत. हौशी रेडिओचा रीतसर परवाना त्यांच्याकडे होता आणि जुन्या धाटणीचे प्रक्षेपक ते स्वतःच्या हाताने बांधत. व्हॉल्व्ह भंगारातले, कॉइल नळाच्या तुकड्यावर गुंडाळलेली आणि सांगाडा जवसाच्या तेलाच्या रिकाम्या डब्यांच्या पत्र्याचा. डबे ते नीट धूत नसत. त्यामुळे संच तापला की घरभर तळणाचा वास सुटे आणि काकू स्वयंपाकघरातून ओरडत, "गप्पा करून राहिले का भजे?"

ट्रान्झिस्टरविषयी त्यांना मनस्वी तिटकारा होता. "तो मरते तं सांगतही नाही," ते म्हणत. "व्हॉल्व्ह कसा, लाल होते, निळा होते, बोंबलते, मंग मरते. माणसासारखा." मी कार्यक्षमतेची तुलना मांडू लागले की ते विचारत, "तुह्या ट्रान्झिस्टरवर हात शेकता येते का थंडीत?" या निकषावर ते निर्विवाद बरोबर होते.

त्यांच्या अँटेनाची लांब तार गच्चीवरून निघून ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीला बांधलेली होती. त्यांचे नावही तिच्यावरूनच पडले. रोज दुपारी ते तिच्यावरून जबलपूरच्या एका मित्राशी हिंदीत बोलत. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते, परंतु त्या मित्राला आमच्या गावातली भांडणे, बाळंतपणे आणि कोणाची म्हैस किती दूध देते, हे सगळे ठाऊक होते. टाकीएवढी उंच जागा गावात दुसरी नव्हती. तार उतरली असती तर जबलपूरही तुटले असते.

ती वेळ आली शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी. मैदान टाकीच्या पायथ्याशीच होते. सरपंचांची बैलजोडी सुटण्याच्या बेतात उभी होती आणि ती यापूर्वी कधीही जिंकली नव्हती. इतक्यात जोडीच्या मागच्या भोंग्यातून समालोचकाऐवजी तारकाका गरजले, "हमारे सरपंच के बैल? अरे, बैल नहीं, दामाद हैं दामाद! खाते हैं और बैठ जाते हैं!"

काकांचे प्रक्षेपण समालोचकाच्या माइकच्या लांब वायरने पकडले होते, हे मला तत्काळ कळले. बैलांना कळले नाही. ते दचकून असे सुटले की जोडी हाकणारा धुरकरी अर्ध्या वाटेत उतरला आणि जोडी एकटीच पहिली आली.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत सभा बसली. सरपंच म्हणाले, "भाऊ, तार आजच काढा लागते. आमचे बैल भेवले तुमच्यानं." काकांचा चेहरा मी प्रथमच विझलेला पाहिला. मी तेव्हा नागपूरला एम.एस्सी. करत होते, वाद घालणे हा माझा अभ्यासक्रमाबाहेरचा विषय. मी उभी राहिले. "सरपंचकाका, बैल आवाजाने पळाले असतील तर बक्षिसाची ढाल हरलेल्या जोडीला द्यावी लागेल. ते स्वतःच्या बळावर पळाले असतील तर तारेचा दोष काय?"

हरलेल्या जोडीचा मालक दारातच उभा होता. सरपंचांनी त्याच्याकडे पाहिले, कपाटावरच्या ढालीकडे पाहिले. "बैल आमचे कोणाच्या बापाले भेत नाही," ते अखेर म्हणाले. "राहू द्या तार. पण पटाच्या दिवशी तोंडातून एक शब्द नाही पाहिजे."

भोंगे लावणाऱ्या मंडपवाल्याला मी माइकसाठी बाहेरचे प्रक्षेपण न पकडणारी जाळीची वायर सुचवली. "चालत्या मशीनले मी हात लावत नाही, ताई," असे सांगून त्याने तो विषय संपवला.

पुढच्या वर्षी पट पाहायला मी सरपंचांच्या शेजारीच बसले होते. संशोधनासाठी त्याच संध्याकाळी मला बंगळुरूला निघायचे होते. त्यांची जोडी मैदानात आली आणि भोंगा बोलू लागला, "भुर्र. भुर्रर्र. भुर्र-भुर्र."

"काय वं हे? मिक्सर लावला का कोणी?" सरपंचांनी मला विचारले.

काकांनी अट तंतोतंत पाळली होती. ते बोलत नव्हते, मोर्सच्या चावीवर ठोकत होते आणि त्यांच्या संचाची जन्मजात घरघर भोंग्यातून तुटक-तुटक उमटत होती. ही लिपी मला त्यांनीच शिकवली होती. गावात तिसरे कोणी ती जाणत नव्हते.

"तारकाका आहेत," मी म्हणाले.

"काय म्हणून राहिले?"

दामाद आ गए, काका जबलपूरला कळवत होते. इस साल और मोटे हैं.

"तुमच्या जोडीला शुभेच्छा देत आहेत."

सरपंच विरघळले. "माणूस वाईट नाही तो."

भोंगा थांबला नाही. पडोस की बेटी आज जा रही है. कल से किससे झगडूँगा? मग थोडी शांतता आणि पुन्हा तेच वाक्य, बहुधा जबलपूरला नीट ऐकू न गेल्यामुळे.

"आता काय म्हणते?" सरपंचांनी विचारले.

"अजून शुभेच्छाच," मी म्हणाले.

सरपंच उठले, त्यांनी दुपट्टा सारखा केला आणि भोंग्याला दोन्ही हात जोडून नमस्कार केला.