युरोपची फाइल आणि टूवूंबाचं कुरण

खासदाराच्या ऑफिसात एखाद्या दिवशी काम निघत नाही, पण किस्सा निघतोच. नवऱ्याला ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून मी पुणं सोडून इथे आले आणि ग्रॅहमच्या, म्हणजे इथल्या खासदाराच्या, ऑफिसात चिकटले. चार वर्षांत इतकं साठलंय, की मैत्रिणी जेवायला मला बोलावतात की किस्स्यांना, अशी शंका येते.

* * *

दुसऱ्याच दिवशी बेव्हने, आमच्या ऑफिस मॅनेजरने, माझ्यापुढे युरोपची फाइल टाकली. मी म्हटलं, मी युरोप पाहिलेलाच नाही.

"पण परदेशातून आलीस ना?" बेव्ह म्हणाली. विषय संपला.

फाइलमध्ये एकच काम होतं. युरोपात दूध-चीजच्या आयातीचे नियम बदलणार होते आणि इथले गाई पाळणारे रोज ग्रॅहमला फोन करत होते. युरोपचे खासदार यायचे, कॅनबेरा-सिडनी करून परत जायचे. नियम करणाऱ्यांनी एकदा तरी आमचं कुरण बघावं, म्हणून ग्रॅहम इरेला पेटला होता.

* * *

पहिला व्हिडिओ कॉल मी महिनाभर खपून जुळवला. इथली संध्याकाळ, तिथली सकाळ. समोर सहा देशांचे सहा खासदार. ग्रॅहम भेटेल त्याला आधी विचारतो, पाऊस किती झाला? ते त्याने सहाही जणांना विचारलं. सहाही जणांनी सविस्तर सांगितलं. मग त्यांची प्रमुख आनेके, हॉलंडमधल्या शेतकऱ्याची मुलगी, म्हणाली, "आणि तुमच्याकडे?"

ग्रॅहम दुष्काळापासून सुरू झाला आणि वेळ संपली! अजेंडा होता तिथेच. मी डोक्याला हात लावून बसले. सकाळी आनेकेची मेल आली होती, "आम्ही येतो. अर्धा दिवस."

* * *

ब्रसेल्सहून मिनिटामिनिटाचा कार्यक्रम मागवला. ग्रॅहमने लिहून दिलं, 'दुपारी कुरण. मग बघू.' मी ते फुगवून '२.१० ते २.४०, कुरणाची पाहणी' केलं. उलट प्रश्न आला, पाहणीच्या वेळी कुरणात नेमकं काय असेल?

मी कळवलं, गाई.

* * *

पाहुणे आले आणि माझ्यातली पुणेकर जागी झाली. हॉलमध्ये सहाही जणांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. नारळ नंतर बाजूला ठेवायचा असतो, हे सांगायचं मात्र राहिलं. ग्रॅहम पंचवीस मिनिटं बोलला. सहा खासदार दोन्ही हातांत नारळ धरून ताठ उभे! टाळ्या वाजवायची वेळ आली तेव्हा ते एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एकाने नारळ काखेत मारला, मग बाकीच्यांनीही.

"शिस्तीची माणसं आहेत," बेव्ह माझ्या कानात म्हणाली. मी गंभीरपणे मान डोलावली.

* * *

मग कुरण. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला पाहुणे, मध्ये मी आणि माझा कार्यक्रम. कुणी बोलेना. मला रडू यायचंच बाकी होतं.

एवढ्यात कुंपणाजवळची गाय अडली. वासराचे पाय दिसत होते, पुढे काही सरकेना. आनेकेने बाह्या सारल्या आणि ग्रॅहमला म्हणाली, "तू दोरी धर." शेतकरी ओरडून ओरडून सूचना द्यायला लागले आणि बाकीचे खासदार त्या पाळायला. कालवड झाली! मग तिथेच गवतात सगळे दोन तास बोलत बसले. सिडनीचं विमान चुकलं. आनंदाने मी खरंच रडले.

पुढच्या महिन्यात हे नियम ठरवणाऱ्या ब्रसेल्सच्या समितीने ग्रॅहमला स्क्रीनवर तीन मिनिटं दिली. भाषण मी आठवडाभर घासलं होतं. त्याने तोंड उघडायच्या आत आनेकेने विचारलं, "कालवड कशी आहे?"

ग्रॅहमने माझा कागद घडी करून खिशात टाकला. तिन्ही मिनिटं कालवड! शेतकऱ्यांना आता काय तोंड दाखवायचं, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी बैठकीचं इतिवृत्त आलं. बेव्हने चष्मा लावून वाचलं, "टूवूंबाच्या शेतकऱ्यांचं म्हणणं समक्ष ऐकल्याशिवाय नियमांचा मसुदा पुढे नेऊ नये. कालवडीचं वजन समितीला दरमहा कळवावं."