बागेचा ताण

सकाळी बागेत उभा होतो, तर डाळिंबाचं एक पिवळं पान टोपीवर पडलं आणि मी डोंगर कोसळल्यागत दचकलो. बहार धरायला बागेचं पाणी तोडलंय. तहानेचा ताण बसला की पानं गळतात, मग पाणी सोडलं की फुलं येतात. नियोजन वर्षभराचं केलंय, पण पाणी नेमकं सोडायचं कधी? ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाडच नाही.

आमचा डाळिंब गट बांधावर जमला. एकेकाची अक्कल अशी, की पाटानं सोडली तर तालुका भिजेल. "आजच सोड," अण्णा म्हणाले. "खुळा की काय! आठवडाभर थांब," बापू गरजले. सल्लागार साहेबांनी पान चुरगाळलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "झाडाचं ऐका." मी खोडाला कान लावला.

"ताण झाडांना द्यायचा होता," बायको म्हणाली, "तुम्ही कशाला घेतलात?"

तहानल्याशिवाय फुलायचं नाही, हा कुठला न्याय? आणि तो माणसालाही लागू असेल, तर मी एव्हाना नखशिखांत लगडायला हवा होतो.

शेवटी मी व्हॉल्व्ह अर्धा उघडला. आता झाडंही माझ्याइतकीच गोंधळली असतील.