साच्यावर हळदीचं बोट

घरी सांगायची हिंमत होत नाही, म्हणून इथे कम्युनिटीवर लिहितोय. शिव्या घातल्यात तरी चालेल.

अंबरनाथ एमआयडीसीत प्लास्टिकच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. आमच्याकडे एक खास साचा आलाय. त्याच्या अंगावर डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक नक्षी आहे. ती प्लास्टिकवर उतरली की पाणी अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळतं.

दसऱ्यानंतर त्या प्लास्टिकवर पाणी चिकटायला लागलं. साच्याची देखभाल बुवापाड्याच्या कांबळेमामांकडे. मी सगळ्यांसमोर त्यांना झापलं, "फडकं घासून साच्याची नक्षी घालवलीत ना? अक्कल गहाण टाकलीय का?"

आज साच्यातून निघालेल्या एका तुकड्यावर सावकाश पाणी सोडून पाहिलं. ते दोनच ठिकाणी थांबत होतं. शेजारी शेजारी, बोटाएवढे दोन डाग. दसऱ्याला मशीनची पूजा मीच केली होती. साच्याला हळद-कुंकू मीच लावलं होतं, नंतर रुमालाने खसाखसा पुसलंही मीच. मामा बौद्ध, ते पूजेला हात लावत नाहीत. बाजूला उभे राहून बघत होते.

माफी मागायला गेलो. विचारलं, "तुम्ही बघितलं होतंत, मग बोलला का नाहीत?"

मामा म्हणाले, "साहेब, पूजेत खोट काढली म्हणून तुम्ही मला काय काय बोलला असता?"

तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. खरंच, काय काय बोललो असतो मी? आणि तुम्ही?