नाल ठोकलेली बाकं

आमच्या शाळेच्या मिस्त्रींना जगात दोनच गोष्टींचा राग होता: ढिला खिळा आणि ढिला माणूस. खिळा ते हातोडीनं सरळ करत, माणूस तोंडानं. त्यांच्या बायकोचं म्हणणं असं, की लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात नवरा तिच्याशी जेवढं बोलला, त्याच्या दुप्पट तो घराच्या एका अडकणाऱ्या दरवाजाशी बोलला. आणि दरवाजाशी जरा बऱ्या शब्दांत बोलला.

सत्तावीस वर्षं ते या एकाच शाळेचे सुतार होते. पाण्याच्या टाकीमागं त्यांची पत्र्याची खोली. आत रंधा, करवती, डिंकाचा वास आणि एक मोडकी खुर्ची. ती त्यांनी कधीच दुरुस्त केली नाही, कारण ती चांगली असती तर लोक येऊन बसले असते. त्यांच्या आयुष्याचं मोठं काम म्हणजे बाकांची नाल. पोरं बाकं ओढायची, पाय झिजायचे, दर वर्षी तेच रडगाणं. शेवटी मिस्त्रींनी लोखंडी पट्ट्या वाकवल्या आणि घोड्याला ठोकतात तशी प्रत्येक पायाला नाल ठोकली. चारशे बाकं, सोळाशे पाय. "पोरं मरतील, पण बाक मरणार नाही," असं ते पालकांच्या सभेतसुद्धा अभिमानानं सांगत.

मी या शाळेत पाचवीत होते. दोन्ही कानांत यंत्रं. लोकांना वाटतं, यंत्र म्हणजे चष्म्यासारखं, लावलं की सगळं स्वच्छ. कसलं डोंबल! यंत्राला अक्कल नसते. सरांचा आवाज, पंख्याची घरघर, मागच्याचं नाक ओढणं, सगळं ते सारख्याच भक्तिभावानं मोठं करून कानात ओततं. त्यात आमचा वर्ग उंच छताचा, दगडी फरशीचा, उघड्याबोडक्या भिंतींचा. सरांचा एक शब्द खोलीभर फिरून परत यायचा आणि पुढच्या शब्दाच्या अंगावर पडायचा. मग मी सरांच्या ओठांकडं बघायची. तिथं मिशी होती.

सहामाहीला श्रुतलेखनात मला वीसपैकी चार गुण पडले. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, आईला बोलावून सांगितलं, "वार्षिक परीक्षेआधी पुन्हा घेऊ. बारा मिळाले तर ठीक. नाहीतर हिला कर्णबधिरांच्या निवासी शाळेत घाला." ती शाळा सात तासांवरच्या गावात होती. चांगली असेलही. पण तिथं माझी आई नव्हती आणि मी दहा वर्षांची होते. घरी येऊन उशीत तोंड खुपसून मी रडले. यंत्रं काढून रडले, कारण माझं भोकाड माझं मलाच सहन होईना.

बाई आईशी हे बोलत होत्या तेव्हा मिस्त्री तिथंच कपाटाची बिजागरी बसवत होते. गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"खोलीत ऐकू येत नाही, तर पोरगी कशाला हलवता? खोलीचं काहीतरी करा."

"मिस्त्री, तुम्ही बिजागरी बघा."

एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते वर्गात आले, मधोमध उभे राहिले आणि एक टाळी वाजवली. टाळीचा आवाज छतापाशी घुमत राहिला. त्यांनी अशी शिवी हासडली की पहिल्या बाकावरच्या मुलींनी ती पाठच करून घेतली. मग कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणून भिंतभर चिकटवले. फरक शून्य. "ही शाळा आहे की पोल्ट्री?" बाईंनी विचारलं, आणि ट्रे संध्याकाळच्या आत उतरले.

आई रोज सकाळी शाळेच्या फाटकापाशी माझी यंत्रं तपासायची. त्यासाठी डॉक्टरांच्या गळ्यात असते तसली एक नळी मिळते. दोन टोकं आईच्या कानांत, तिसरं माझ्या यंत्राला. मग ती आ, ई, ऊ, स, श असं म्हणून बघायची. येणारे-जाणारे बघत राहायचे.

"ताई, कोण आजारी आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

आईनं सांगितलं. मिस्त्री हात पुढं करून म्हणाले, "एक तासासाठी द्या. फोडणार नाही."

त्या दिवशी गणिताच्या तासाला माझं उजवं यंत्र मिस्त्रींकडं होतं. ते शेवटच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून, कानांत नळी घालून बसले. पाच मिनिटांत उठले आणि भर वर्गात सरांना म्हणाले, "सर, तुमच्या गळ्यातला तो माइक किल्ल्यांच्या जुडग्यावर लटकवू नका. पोरीला भागाकार नाही, कुलूप ऐकू येतंय." सरांचा आवाज थेट माझ्या यंत्रात यावा म्हणून आणलेला तो छोटा माइक सरांनी मुकाट्यानं वर सरकवला. मिस्त्री विजयी मुद्रेनं परत बसले. मग पुढच्या कोणीतरी पाय ताणले, बाक सरकलं, आणि मिस्त्रींनी नळी ओढून काढली. कोणी मुस्काटात मारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. ते बाहेर निघून गेले.

तास संपल्यावर ते व्हरांड्यात भेटले. माझ्यासमोर खाली बसले, मला ओठ दिसतील असे. "पोरी, माझीच नाल आहे ती. तू जन्मायच्या आधीपासून मी तुझ्या कानात खिळे ठोकून ठेवलेत."

एवढा मोठा माणूस रडवेला झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. इतके दिवस सगळे म्हणत होते, माझं लक्ष नसतं.

आमच्या वर्गातल्या चोवीस बाकांची नाल त्यांनी स्वतः उपटली. कोणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक खिळ्याला शिव्या देत होते, कारण ठोकला त्यांनीच होता आणि तो सुटता सुटत नव्हता. आधी पायांना जुन्या टायरचं रबर लावलं. फरशीवर काळे पट्टे उमटले आणि बाईंनी मिस्त्रींना फैलावर घेतलं. मग जाड लोकरी घोंगडीचे तुकडे लावले. मागच्या भिंतीवर लाकडी चौकटी बसवल्या, आत कापूस ठासला, वर रंगमंचाचे जुने पडदे ताणून ठोकले. रोज टाळी. टाळी हळूहळू आखूड होत गेली. एके दिवशी वाजली आणि तिथंच संपली.

चाचणी बाईंनी स्वतः घेतली. माइक घातला नाही. "जगात सगळे काही गळ्यात माइक अडकवून फिरत नाहीत," त्या म्हणाल्या. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरला. सगळा वर्ग जागेवर, पंखा चालू, नेहमीसारखा. वीस वाक्यं. दारात आई आणि मिस्त्री उभे होते. मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदाच वीस मिनिटं गप्प होते.

बाईंनी वही तपासली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा तपासली. "सतरा," त्या म्हणाल्या. "राहू दे हिला इथंच."

आईनं मला घट्ट धरलं. दोघी रडलो. मिस्त्री मात्र आत घुसले.

"तीन कुठं गेले?"

"अहो मिस्त्री, बारा हवे होते!"

"ते झालं. तीन कुठं गेले?"

ते माझ्या बाकावर बसले, माझं यंत्र घेतलं, नळी लावली आणि मोठ्या बाईंना फर्मान सोडलं, की चुकलेली तीन वाक्यं पुन्हा वाचा. आणि बाईंनी वाचली! मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकलं. मग एक बोट छताकडं केलं.

दुपारी शिडी आली आणि पंखा उतरला. तो दुरुस्त होऊन यायला दोन महिने लागले, ऐन उन्हाळ्याचे. अख्खा वर्ग घामानं निथळत बसायचा आणि माझ्या नावानं शिव्या घालायचा. त्या मला शेवटच्या बाकावरच्यासुद्धा शब्दन्‌शब्द ऐकू येत होत्या.