उजव्या हाताची चार नखं

चैत्र लागून चारच दिवस झाले होते, पण अमरावतीत पहाटेचा वारासुद्धा कोमट झाला होता. आदल्या दिवशी तापलेल्या गच्च्या रात्रभर निवल्या नव्हत्या. अंबापेठेतल्या घराच्या मागच्या ओट्यावर बल्बच्या उजेडात नारायण गुरुजी उजव्या हाताची नखं घासत बसले होते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका. करंगळीला गिटारवर काम नसतं. सुताराकडच्या पॉलिश पेपरचा बारीकातला बारीक तुकडा घ्यायचा, नखाच्या कडेवरून एकाच दिशेनं फिरवायचा, मग नख ओठावरून ओढून पाहायचं. कुठं अडकलं की पुन्हा घासायचं. अकरा वर्षं हे काम रोज देवपूजा आटोपली की होत आलं होतं. दहा दिवसांपासून सूतक होतं, त्यामुळे पूजा नव्हती. नखं तेवढी होती.

सिंधूबाई चहा घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"चार तासांनी कापायचीच आहेत, तर काहून घासून राहिले?"

"तिथं गेल्यावर पाहू."

"पाहू म्हणजे? क्षौर कोणी करायचं, कोणी नाही, सगळ्यांना फोनवर तुम्हीच सांगितलं ना? आता स्वतःच्या वेळेस पाहू?"

गुरुजींनी चहा बशीत ओतला.

झालं असं होतं, की अकोल्याचे रामराव गेले. गुरुजींच्या वडिलांच्या चुलतभावाचा हा मुलगा. रामराव वाढले धामणगाव रेल्वेला, गुरुजी अमरावतीत. भेट व्हायची ती लग्नाकार्यातच. दोघं एका वयाचे, एकमेकांना अरे-तुरे करणारे. पण भाऊबंद तो भाऊबंद. दहा दिवसांचं सूतक आलं, आणि दहाव्या दिवशी गेलेल्या माणसाहून लहान असतील त्या पुरुषांनी डोकं भादरायचं, नखं काढायची, हा घराण्याचा रिवाज. मोठ्यांना ते नसतं. रामरावांचा मुलगा शुभंकर यानं दवाखान्याच्या कागदांसाठी काढलेलं आधार कार्ड मोबाइलवर पाठवलं होतं. जन्मतारीख एक जून. गुरुजी त्याच वर्षीच्या मार्गशीर्षातले. म्हणजे रामराव पाच-सहा महिन्यांनी मोठे. हिशेब सरळ होता.

आणि दहावा दिवस नेमका आजचा होता. आज संध्याकाळी सहाला अमरावतीत त्यांच्या गिटार संचाचा कार्यक्रम होता.

गुरुजींच्या घरात गिटार आली ती दानात. एका बँकवाल्याचं वर्षश्राद्ध होतं. गादी, छत्री, चपला दिल्यावर त्याच्या बायकोनं कपाटावरून एक काळी पेटी काढली. "हे पण त्यांचंच होतं, गुरुजी. मुलं अमेरिकेत. इथं वाळवी लागंल." सिंधूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "लोकांना गाय मिळते, तुम्हाला लाकूड मिळालं." सहा महिने लाकूड पलंगाखाली पडून राहिलं. मग एका पावसाळ्यात, कामं नव्हती तेव्हा, गुरुजींनी पेटी उघडली. नंतर रुक्मिणीनगरात अश्विन सरांच्या क्लासला जाऊन बसले. सत्तेचाळिसाव्या वर्षी, नववी-दहावीच्या पोरांच्या रांगेत, धोतर सावरत.

अश्विन सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे आणि उरलेल्या वेळात गिटार. त्यांनी हळूहळू दहा जणांचा संच बांधला. त्यात वकिलीच्या परीक्षेला बसलेली जुईली होती. संत्र्याच्या पॅकिंगवर माणसं लावणारा वरूडचा नितेश होता. आणि भिक्षुकी करणारे गुरुजी. आजच्या कार्यक्रमात जपानचं लोकगीत होतं, ब्राझीलचं नाचाचं संगीत होतं, रशियाची एक उदास चाल होती. आणि स्पेनकडची एक जुनी धून होती, जिच्यात नऊ जण मागं साथ करणार आणि गुरुजी एकटे पुढं वाजवणार. एकाच तारेवर तीन बोटं एकामागून एक इतक्या भरभर पडायची की ठोका ऐकू येऊ नये, नुसता धरून ठेवलेला स्वर ऐकू यावा. अभिषेकाच्या धारेसारखा. त्या तीन मिनिटांवर गुरुजींनी दोन वर्षं घातली होती. सूतकातसुद्धा तारांखाली पंचा कोंबून, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये असं वाजवलं होतं. सर जूनमध्ये पुण्याला बदलून चालले होते. संच मोडणार होता. गुरुजींची अनामिका गेल्या थंडीपासून आखडायला लागली होती. पुन्हा कधी, असं म्हणायला पुढं काही उरलं नव्हतं.

नख नसलेल्या बोटानं ती धार निघत नाही. मांसाचा आवाज बोथट येतो.

साडेपाचच्या एसटीत ते बसले. मूर्तिजापूरपर्यंत खिडकीला डोकं टेकून डोळे मिटलेले, पण झोप नाही. मनात एकच घोळत होतं. दहाव्याच्याच दिवशी वाजवणं-बिजवणं? असं सिंधूनं विचारलं तेव्हा आपण म्हणालो, अंघोळ झाली की भाऊबंदांचं फिटलं, शास्त्र आहे. शास्त्राचं हे पान आपल्या सोयीचं निघालं म्हणून वाचलं. मग नखांचं पान उलटून टाकायचं कसं?

अकोल्यात मोर्णा नदीच्या घाटावर आठ वाजताच ऊन चटके देत होतं. न्हावी पुंजाजी सावली धरून बसला होता. शुभंकरचं डोकं झालं, दोन पुतण्यांची झाली. गुरुजी पुढं सरकले. वस्तरा फिरून झाला आणि पुंजाजीनं उजवा हात हातात घेतला.

"महाराज, हे काय? डाव्याचे कापेल अन् उजव्याचे एवढाले? मंतर-बिंतर टाकता का कोणावर?"

"गिटार वाजवतो."

"या वयात?" पुंजाजी हसला. "बरं हाय बाप्पा. मी तं ढोलकी पण सोडली."

शुभंकर ओल्या पंच्यानं डोकं पुसत जवळ आला. "काका, नखं राहू द्या. डोकं झालं ना? आज कार्यक्रम आहे तुमचा. मी काही म्हणणार नाही, आणि दुसरं कोण बघतंय इथं?"

इथं खरं म्हणजे सुटका होती. घरातला कर्ता पोरगाच सांगत होता. पण याच घाटावर, असल्याच उन्हात, किती यजमानांनी हेच विचारलं होतं. गुरुजी, मिशी ठेवली तर? गुरुजी, नोकरीवर बरं दिसत नाही हो. आणि प्रत्येकाला गुरुजी म्हणाले होते, नाही चालत.

"कापा," ते म्हणाले.

नेलकटरचे चार आवाज झाले. चार पांढरे तुकडे वाळूत पडले. पुंजाजीनं ते चपलेनं झाकले आणि म्हणाला, "चला, आता कोण?"

जठारपेठेतल्या घरी परतल्यावर गुरुजी रामरावांच्या आईला भेटायला आतल्या खोलीत गेले. कौशल्याकाकू सत्त्याऐंशीच्या. भिंतीला पाठ लावून, पाय लांब सोडून बसलेल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं, ते पहिल्या चार दिवसांतच संपलं असावं. त्यांनी गुरुजींच्या डोक्याकडे पाहिलं.

"नाऱ्या, तू काहून भादरलं रे?"

"दहावं ना काकू. मी लहान रामपेक्षा."

"कोन म्हनते लहान? तुह्या बारशाले मी अमरावतीले आलती, तवा राम पोटात होता माह्या. पाचवा लागला होता. तुही माय मले म्हने, कौशे, पायना हलवू नको, पोटाले लागंल. राम तं पुढच्या चैत्रात झाला. याच महिन्यात."

गुरुजी खाली बसले.

"पण आधारवर एक जून आहे, काकू. त्याच वर्षाचा."

"थे मास्तरनं टाकली. पोट्टं घरी दम नाही देत होतं, म्हनून शाळेत लवकर बसवलं. वर्ष वाढवून टाकलं मास्तरनं. धामनगावच्या शाळेत सगळ्याच पोट्ट्याईची एक जून हाय." त्या भिंतीकडं पाहून म्हणाल्या, "मले विचारलं असतं तं सांगतली असती ना. मीच पैदा केला त्याले. पन कोनी आलं का विचाराले? सगळे मोबाइल पाहून राहिले."

गुरुजींनी तीस वर्षांत हजारभर पत्रिका मांडल्या असतील. जन्मवेळ आईला विचारायची, कागदाला नाही, हे ते दर बारशाला सांगत. आणि इथं आई दहा दिवस भिंतीला टेकून बसली होती, आणि त्यांनी तारीख घेतली होती आधार कार्डावरून.

"चुकलं, काकू," ते म्हणाले.

"आता काय त्याचं." काकूंनी त्यांचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला, नुसताच धरून ठेवला. "तू मोठा निंगाला. बरं झालं. लहान गेला म्हनते तं जास्त दुखते, इतकंच."

बाराची गाडी पकडून ते परत निघाले. खिडकीतून लोखंडाच्या कढईसारखी गरम हवा येत होती. भादरलेल्या डोक्याला ती लागत होती. ते उजव्या हाताची बोटं मांडीवर टेकवून तोच क्रम फिरवत होते. अनामिका, मधलं, तर्जनी. धोतरावर काहीच आवाज होत नव्हता.

सभागृहात चारला पोचले तेव्हा खुर्च्या मांडणं चाललं होतं. मंचामागं 'देशोदेशीचं संगीत' असा फलक लागत होता. अश्विन सरांनी आधी डोकं पाहिलं, मग हात पाहिला.

"कापावीच लागली का, गुरुजी?"

"नाही. चूक झाली. मोठा मीच निघालो."

नितेशला हसू आवरलं नाही. "म्हंजे फुकटच गेली काय नखं?" मग त्यानं जीभ चावली. "माफ करा बाप्पा. थांबा, दहा मिंटं द्या मले."

तो मोटरसायकलवर गेला आणि बायकांची लावायची नखं घेऊन आला. पुडीभर, सगळी गुलाबी. जुईलीनं ती कात्रीनं छाटली, डिंकानं गुरुजींच्या बोटांवर बसवली. गुरुजींनी हात वर धरून पाहिला.

"लग्नाचा मुहूर्त काढाले चालले असं वाटते," नितेश म्हणाला.

गुरुजीही हसले. पण वाजवायला घेतल्यावर घामानं डिंक सुटला. पहिलं नख तारेत अडकून जुईलीच्या मांडीवर उडालं, दुसरं सरांच्या पायाशी. गुरुजींनी उरलेली दोन स्वतःच काढून टाकली.

सर जवळ बसले. "ही धून काढून टाकू. जुईलीनं ब्राझीलचं जास्तीचं तयार केलंय."

"तुम्ही म्हणाल तसं."

"तुम्ही काय म्हणता?"

गुरुजी थकले होते. पहाटेपासूनचं ऊन अंगात साचलं होतं. हो म्हटलं असतं तर मागच्या खुर्चीत बसून साथ करता आली असती. त्यांनी बोटाचं उघडं टोक तारेवरून एकदा ओढून पाहिलं.

"बोथट येईल," ते म्हणाले. "पण वाजवतो. सगळ्यांनी थोडं हळू धरा."

सव्वासातला ती धून आली. तीनशेक माणसं असतील. आवाज बारीक येणार म्हणून सरांनी पंखे बंद करायला लावले. पंखे थांबले आणि गुरुजींनी सुरुवात केली, तशी सभागृहातल्या माणसांनी कार्यक्रमपत्रिका काढून वारा घ्यायला सुरुवात केली. तीनशे कागदांची फडफड. तिच्याखाली गुरुजींची धार. मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज वाढवा ना भौ!" पुढच्या रांगेतून "श्शू" झालं. पहिल्या मिनिटात अनामिका दोनदा चुकली, धार तुटली, पुन्हा जुळली. नितेशनं खालचा स्वर इतका हलका केला की तो बोटानं तार नुसती शिवत होता. मग शेवटाकडं, कदाचित बोटं तापली म्हणून, कदाचित कागद थकले म्हणून, वीस-पंचवीस सेकंद सगळं बसलं. मऊ, जाडसर, दूरवरून येणारं. जसं हवं होतं तसं नव्हतंच ते. पण तुटलं नाही.

टाळ्या झाल्या, शिष्टाचाराच्या. मग पंखे सुरू झाले तेव्हा त्याहून जास्त झाल्या.

बाहेर गिटार पेटीत ठेवताना सर म्हणाले, "नखं वाढायला किती दिवस लागतात हो?"

"तीन-साडेतीन महिने."

सरांनी मान हलवली. आषाढ येईल तोवर. तेव्हा सर पुण्यात असणार.

दुसरा दिवस. सूतक घाटावरच्या अंघोळीनंच फिटलं होतं. सकाळी सातला गुरुजी नळाशी बसले. दहा दिवस न घासलेली पूजेची भांडी काळी पडली होती. ताम्हण, पळी, पंचपात्र, निरांजन. नऊला गाडगेनगरात एक सत्यनारायण होता. सिंधूबाईंनी वाटीत भिजवलेली चिंच आणून ठेवली.

"कसं झालं काल? नितेशचा फोन होता, बरा झाला म्हणे."

"शेवटी थोडं बरं झालं."

"अन् बोटं?"

"दुखतात."

त्यांनी चिंच ताम्हणावर चोळली. बोटांची टोकं तारेनं सोलवटली होती, चिंच तिथं झोंबली. त्यांनी हात एकदा झटकला, नळाखाली धरला, आणि पळी पुढं ओढून घासायला घेतली.