सोमारीच्या पिशवीतला वजनकाटा

रविवारी सकाळी पोहे परतत होते, तेवढ्यात मागचं दार वाजलं. दाराच्या फटीतून पाहून आमचे हे दाढी करता करता हसले, "सोमारीबाई होय. आज तिच्या देवानं सुट्टी घेतली वाटते!"

सोमारी आमच्या गावची आशा सेविका. एरवी रविवारी या वेळी ती बाजारगावच्या प्रार्थनाघरात असते. आज धुतलेली साडी होती, पण खांद्याला कामाची पिशवीही होती.

सहा वर्षं ती हे काम करते. खाणीच्या ट्रकांची लाल धूळ खात पायपीट, वर सारखे फोन. फोटो टाका, आकडे टाका. रात्री झोपेतही आकडे बडबडायची, असं तिचा नवरा इसरू सांगतो. मग आजारी बहिणीला घेऊन ती एकदा प्रार्थनेला गेली, आणि जातच राहिली. "दोन घंटे फोन बंद, बाई. येशूजवळ बसलं का डोक्यावरचा भारा उतरते. तो मले आकडे नाई मागत."

भादव्यात मनकर्णाला मुलगी झाली. सातव्या दिवशी सोमारीनं तिच्या घरी जाऊन बाळाचं वजन करायचं होतं. त्या दिवशी तिच्या वाट्याला तीन टोले होते, एकमेकांपासून लांबच्या वाड्या. संध्याकाळी ती माझ्याकडे आली. तिचे फॉर्म मीच भरून देते.

"वजन?"

"दोन किलो चारशे."

बाळ ठेवायची काट्याची झोळी त्या सकाळी मीच घडी करून, रबर लावून दिली होती. ती पिशवीत तशीच होती. मी पाहिलं, आणि दोन किलो चारशे लिहिलं.

तीन दिवसांनी पोर दवाखान्यात गेली. दूध ओढत नव्हती, नुसती वाळत होती. काट्यावर ठेवली असती तर आधीच कळलं असतं. पोर वाचली. मनकर्णा अजून गावभर सांगते, आशाबाई गाडी घेऊन धावली म्हणून वाचली.

"आत ये, पोहे खा," मी म्हटलं.

"नाई बाई. तीन महिने झाले, प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट समोर येते, मन साफ नाई म्हणून मी तसंच पुढं सरकवून राह्यली. बाजूची म्हणते, उपास हाय का वं?" ती हसायला गेली, जमलं नाही. "पास्टरभाऊले सांगतलं सारं. ते म्हणाले, देवानं माफ केलं. पण मनकर्णाले कोण सांगन? काल नवे तांदूळ घेऊन आली, पाया पडली माझ्या."

पिशवीत काट्याशेजारी ती तांदळाची पुडी होती.

"कामावरून काढतील तुला."

"काढतीन. धान कापाले जाईन."

पोहे खाली लागल्याचा वास आला. मी गॅस बंद केला. मग जे विचारायला नको होतं तेच विचारलं, "आणि फॉर्म कोणी भरला, तेही सांगशील?"

"तुमचं नाव नाई घेत मी."

मी खाली लागलेले पोहे खरवडू लागले.

"फक्त माझ्यासंगं चला, बाई," सोमारी म्हणाली. "बोलू नका काई. मी सांगतपर्यंत मनकर्णाच्या दारात उभ्या राहा."