तबेल्याच्या वरचं पाणी

मंगळवारी सकाळी सात वाजता चाळीमागच्या मोरीवरून (रस्त्याखालचा लहान पूल) निघालो आणि ओहळाच्या काठाने उलटा वर चालायला लागलो. पिशवीत पाण्याची बाटली, दोन केळी आणि कचेरीतून आणलेला कोरा फॉर्म. वय बहात्तर. माझी बायको सुमन गेली त्याला चार महिने झाले. तेव्हापासून एका जागी बूड टेकत नाही. बसलो की उठतो, उठलो की कुठे जायचं ते कळत नाही. त्या दिवशी निदान जायचं ठिकाण होतं.

आमची चाळ गोरेगाव पूर्वेला, आरे कॉलनीच्या कडेला. मागचा ओहळ खाली जाऊन ओशिवरा नदीला मिळतो. चाळीस वर्षं मी त्याला गटार म्हणत आलो. सुमन मालवणची. ती भांडायची. "गटार म्हणा नकात हां तेका. वर पाणी गोड आसा. एकदा येवन तरी बघा!" मी कधी गेलो नाही. आठवडाभर कंपनीत फिटरचं काम, रविवारी झोप.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात नदीच्या पाणलोटाचा आराखडा करणारी पोरंपोरी आली. पाणलोट म्हणजे, त्यांनीच सांगितलं, डोंगरावरची जेवढी जमीन आपलं पाणी नदीला देते तेवढी सगळी. टपरीवर मी तंबाखू मळत होतो. एकाने विचारलं, "आजोबा, हे पाणी येतं कुठून?"

"तबेल्यातून. म्हशींचं शेणमूत. त्याच्या वर काय नाय."

त्याने लिहून घेतलं. सुमनने खिडकीतून ऐकलं. दोन दिवस बोलली नाही.

मागच्या आठवड्यात कळलं की अंधेरीच्या कचेरीत नकाशा लावलाय. गेलो. नदी निळी, तिला मिळणारे ओहळ निळे. आमचा तेवढा तपकिरी, तोही तबेल्यापासून खाली. वर कोरं. मी तिथल्या मॅडमना विचारलं, "ह्याचा वरचा भाग कुठे गेला?"

"काका, वर पाणी नाही अशी नोंद आहे. स्थानिक रहिवाशाने सांगितलंय."

"कोण तो?"

"नाव नाही लिहिलेलं."

मला नाव ठाऊक होतं. तपकिरी म्हणजे गटार, त्यावर स्लॅब, आणि वरच्या उतारावर भराव टाकायला मोकळीक. निळं म्हणजे दोन्ही काठ मोकळे ठेवायचे. मॅडम म्हणाल्या, "हरकती पुढच्या शुक्रवारपर्यंत घेतोय. ऐन उन्हाळ्यात वर पाणी दाखवलंत तर मी स्वतः येऊन बघेन. पण तोंडी नको, जागा लिहून द्या."

म्हणून हा प्रवास. तीन किलोमीटर असेल नसेल, पण चाळीस वर्षांत झाला नव्हता.

पहिला अर्धा तास घरंच घरं. प्रत्येक घरातल्या न्हाणीचा पाइप ओहळात. एक बाई वरून भांड्याचं पाणी फेकत होती, ती ओरडली, "ओ काका, तिकडून रस्ता नाय!" मी म्हटलं, "पाण्याला हाय ना?" ती हसली, पण पाणी फेकायची थांबली नाही. मी तरी कधी थांबलो होतो?

मग घरं संपली आणि तबेल्याचा वास आला. म्हशी रवंथ करत होत्या. शेणाचा लगदा पन्हळीतून थेट ओहळात उतरत होता. तिथेच माझा पाय घसरला. गुडघ्यापर्यंत आत गेलो, डावी चप्पल गायब. तबेल्यातल्या भैयाने हात धरून काढलं, नळीने पाय धुतले आणि झापलं.

"चाचा, घर में बैठने का ना इस उमर में! ऊपर क्या है? जंगल है. तेंदुआ घूमता है."

"बिबट्याला म्हातारं मटण चालत नाय," मी म्हटलं.

त्याने गोठ्यातल्या जुन्या रबरी चपला दिल्या. दोन्ही डाव्या पायाच्या. त्याच घालून निघालो.

तबेल्याच्या वर ओहळ खरंच कोरडा. दगड, पाला, प्लास्टिक. शंभर पावलं गेलो, दोनशे गेलो. काही नाही. वाटलं, मीच खरा निघालो तर? आयुष्यात पहिल्यांदा खोटं ठरायची एवढी घाई झाली होती.

पुढे पाडा (आदिवासींची वस्ती) लागला. दहा-बारा घरं, कुडाच्या भिंती, एका छपरावर डिशची छत्री. ओट्यावर एक म्हातारी वारलीण चिंचा फोडत होती.

"पाणी कुठे मिळेल?" मी विचारलं.

तिने आधी माझे पाय बघितले. "दोन डावे पाय घेऊन आलास! कोण तू?"

"खालच्या चाळीतला. गणपत."

"सुमनचा म्हातारा?" तिने कोयता खाली ठेवला. "ती का नाय आली? शिमग्यापासून वाट बघते."

मला सांगावं लागलं. बाई रडली नाही. आत गेली आणि तांदळाची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आली. "खा. बोंबील तिनंच आणलेलं. मी तिला शेवळं (पावसाच्या तोंडावर उगवणारी रानभाजी) द्यायची, ती मला बोंबील." बाईचं नाव जानकी. घरी मी ती शेवळं खात होतो आणि विचारत होतो, बाजारात काय भाव?

जेवण झाल्यावर जानकी काठी टेकत पुढे निघाली. मोठ्या उंबराखाली ओहळ वळतो तिथे थांबली. "हा डवरा (ओहळाच्या वाळूत हाताने खणलेला पाण्याचा खड्डा). साफ तीच करायची. माझे गुडघे गेले."

खड्डा पाल्याने भरलेला, वर कोरडा. उंबराच्या फांदीला सुतळीने एक स्टीलचा पेला बांधलेला. मी उलटा करून बघितला. त्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं: सौ. सुमन गणपत. लग्नातल्या सहा पेल्यांतला सहावा. हरवला म्हणून मी तिला किती बोललो होतो! ती "गावला नाय" म्हणाली.

गुडघ्यावर बसलो. पाला काढला, त्याच पेल्याने वाळू उपसली. हातभर खोल गेल्यावर ओल लागली, मग गढूळ पाणी. मी पेला भरून तोंडाला लावणार, तर जानकीने काठीने हातावर टोचलं.

"हे शिळं. टाक. सगळं उपस आणि बस."

"किती वेळ?"

"तुला कुठे जायचंय?"

बसलो. उठावंसं वाटलं, उठलो नाही. खड्ड्याच्या तळाशी वाळू हलत होती. बारीक, उकळल्यासारखी. हळूहळू पाणी चढलं आणि त्यात उंबराची पानं दिसायला लागली. मग जानकी म्हणाली, "आता घे."

गोड होतं. सुमन सांगायची तसंच.

पेला घरी न्यावा म्हणून सुतळी सोडली होती. परत बांधला. जानकी प्यायची त्यातनं.

बुधवारी अंधेरीला फॉर्म दिला. शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर कोंबडीचे पाय. लिहिलं: तबेल्याच्या वर पाणी नाही असं सांगणारा रहिवासी मीच. न बघता सांगितलं. पाड्याच्या वर, मोठ्या उंबराखाली, मे महिन्यात पाणी आहे. मी प्यायलो. खाली एक रकाना होता, तुमचा त्या जागेशी संबंध. त्यात लिहिलं: माझी बायको इथे पाणी प्यायची.

मॅडमनी वाचलं. शिक्का मारला, पोच दिली. "नकाशा लगेच बदलेल असं नाही सांगू शकत, काका. पण बघायला येते. उद्या नऊ वाजता तबेल्यापाशी?"

"या. चप्पल घट्ट घालून या," मी म्हटलं.

चाळीस वर्षं काठावर राहिलो आणि पाणी बघायला बायकोच्या माघारी गेलो. त्याचं काय करू, मला कळत नाही. उद्या मी सातलाच निघणार आहे. त्यांच्या आधी पोचून डवरा उपसून ठेवायला हवा.